फोटोंचा रफूवाला

तालुक्याच्या कुठल्याही गावात एसटी स्टँडजवळ फ्लेक्सचं एक दुकान असतंच. काउंटरवर मालक बसतो. तो ॲडव्हान्स घेतो, चहा सांगतो आणि कशालाही ‘होऊन जाईल’ म्हणतो. ज्याच्याकडून ते होऊन जायचं असतं, तो ऑपरेटर आत काचेमागे मॉनिटरला नाक लावून बसलेला असतो. त्याचं नाव कुणालाच माहीत नसतं. येणारा प्रत्येक जण त्याला ‘दादा’ म्हणतो आणि लगेच पुढचं वाक्य टाकतो, ‘फोटो जरा क्लिअर करून द्या.’

दादाचा सगळा राग या ‘जरा’वर आहे.

गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं. फोटो तीस केबीचा. तोही कुणाच्या तरी स्टेटसचा स्क्रीनशॉट. वर बॅटरी चौदा टक्के, खाली ‘रिप्लाय’. बॅनर मात्र दहा बाय वीस फुटांचा हवा. दादा फोटो मोठा करतो आणि भावी नगरसेवकांच्या गालांवर न्हाणीघरातल्या टाइल्स दिसू लागतात.

‘फाटतोय,’ दादा म्हणतो.

‘मोबाइलवर तर चांगला दिसतोय की!’

‘मग मोबाइलच टांगा चौकात’ हे उत्तर तो गेली बारा वर्षं गिळत आला आहे. तोंडाने फक्त विचारतो, ‘ओरिजिनल आहे का?’ ओरिजिनल कधीच नसतं. ते पुण्याच्या भाच्याकडे असतं आणि भाच्याने नुकताच मोबाइल बदललेला असतो.

चहा आला की दादा खुलतो. त्याच्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ जेपेग. १९९२ सालापासूनचा हा काटकसरी कारभारी फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्यांना सहसा न जाणवणारा बारकावा काढून टाकतो. रंगांवर तर तो आणखी सढळपणे कात्री चालवतो, कारण माणसाचा डोळा उजेडातला फरक चटकन टिपतो, रंगातला नाही. एकदा केलेली काटकसर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण मग काका तो फोटो उतरवून घेतात, कापतात, कोपऱ्यात गुलाब लावतात, पुढे पाठवतात. मामा त्यावर ‘शुभ सकाळ’ लिहितात. दर वेळी पुन्हा सेव्ह, पुन्हा काटकसर. ‘सात वेळा चरकातून काढलेला ऊस आणून देतात,’ दादा बशीत चहा ओततो, ‘आणि म्हणतात, जरा रस काढा.’

गेलेला रस परत येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो रफू करतो. त्याचा क्रम ठरलेला: आधी साफ, मग मोठा, धार सगळ्यांत शेवटी. नवशिका आधी मोठा करतो, मग टाइल्सही मोठ्या होतात. दादा फोटोशॉपमध्ये उजेड एकीकडे आणि रंग दुसरीकडे करतो आणि फक्त रंगांचे थर धूसर करतो. गालावरचे हिरवे-जांभळे डाग जातात, नाक-डोळे जागच्या जागी राहतात. कडांभोवती, विशेषतः अक्षरांभोवती जी भुरभुर दिसते तिला तो ‘माश्या’ म्हणतो आणि एकेक करून हाकलतो. एवढं केल्यावर चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा गुळगुळीत होतो. मग त्यावर तो बारीक रवा भुरभुरतो, म्हणजे ठिपक्यांचा हलका खरखरीतपणा मुद्दाम घालतो. तेव्हा कुठे ती कातडी वाटते. या सगळ्यावर गिऱ्हाइकाची एकच प्रतिक्रिया असते: ‘थोडे गोरे करा ना साहेबांना.’

हिशेबात तो कडक आहे. पुस्तकासारख्या चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात. म्हणजे १६०० ठिपके रुंदीचा फोटो जेमतेम सव्वापाच इंच भरतो. चौकातल्या फ्लेक्सला इतके लागत नाहीत, कारण तो लांबून बघायचा. ‘लांबून सगळेच नेते बरे दिसतात,’ हे दादाचं छपाईविषयक मत आहे. बॅनरच्या तळाशी अंगठ्याएवढे चाळीस शुभेच्छुक असतात, त्यांची त्याला चिंता नसते. लहान माणूस फाटत नाही.

या माणसाचा खरा कस मला आत्या गेली तेव्हा कळला. तिचा एकटीचा फोटो नव्हता. एका लग्नाच्या ग्रुप फोटोत, तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआडून ती हसत होती. आमच्या भाच्याने तो तुकडा एका एआय ॲपमध्ये घातला. क्षणात आत्या लख्ख झाली. घरात सगळे खूश. बारा बाय अठराची फ्रेम करायची म्हणून मी तो घेऊन गेलो. दादाने मूळ तुकडा पाहिला, मग लख्ख आत्या पाहिली.

‘या कोण?’

मी नीट बघितलं. बोळक्या आत्याला ॲपने बत्तीस दात बसवले होते.

‘त्याला जे दिसत नाही, ते तो अंदाजाने भरतो,’ दादा म्हणाला. ‘मी पण फसवतो. पण मी डाग लपवतो, माणूस बदलत नाही.’ मग बारा बाय अठराचा नाद त्याने मला सोडायला लावला. तासभर खपून पोस्टकार्डाएवढा फोटो केला आणि भोवती रुंद पांढरी चौकट सोडली. आत्या जराशी अंधूक होती, पण बोळकं तिचंच होतं.

तेव्हा वाचकहो, छापायचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तो आहे तसाच पोचतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा एकेकट्याचा, चांगल्या उजेडातला एक तरी फोटो या रविवारी काढून ठेवा. नंतर दादाला ‘जरा’ म्हणायची वेळ येऊ देऊ नका.