मांडवाच्या पिछाडीस

ज्या निमंत्रणपत्रिकेच्या आरंभी 'मुलाबाळांसह अवश्य यावे' असा प्रेमळ आग्रह असतो आणि अखेरीस, बारीक टायपात, 'सभेच्या गांभीर्यास बाध येऊ नये याची दक्षता पालकांनी घ्यावी' अशी सूचना असते, त्या पत्रिकेचा मसुदा दोन निरनिराळ्या इसमांनी केलेला असावा, आणि त्यांपैकी पहिल्यास मुले नसावीत व दुसऱ्यास ती भरपूर असावीत, असा माझा तर्क आहे. जालन्याच्या तीन दिवसांच्या उपासना-संमेलनाची अशी पत्रिका गोरेगावी आमच्या हाती पडली, तेव्हा मी आरंभ तेवढा वाचला. अखेर कुटुंबाने वाचली, परंतु तोवर मी होकाराचे पत्र टपालात टाकून मोकळा झालो होतो.

त्या काळी मी गोरेगावी शाळामास्तर होतो. हिंगोली जिल्हा व्हायला अजून अवकाश होता, तो १ मे १९९९ रोजी झाला. तोपर्यंत सरकारी कागदोपत्री आम्ही परभणीकरच. शेजारपाजारी ख्रिस्ती घर नसल्यामुळे रविवारची उपासना आमच्याच ओसरीवर होई, आणि तीत पाळक, वडील, गायकवृंद व उपस्थित समुदाय हे सर्व हुद्दे आम्हा उभयतांत वाटून घेतलेले असत. मराठीत 'मंडळी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक आमच्या चर्चमधील आणि दुसरा प्रत्येकाच्या घरातील. माझ्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकवटले असल्याने, शंभर-दोनशे कंठांतून उठणारे गायन एकदा तरी ऐकावे, बसून ऐकावे, आणि ऐकताना दुधाची बाटली हाती नसावी, अशी माझी फार दिवसांची मनीषा होती. दिवाळीची सुटी लागल्याने रजेच्या अर्जाचा प्रश्नही उद्भवला नाही.

प्रवासी पथकाचा तपशील असा: आम्ही दोघे, थोरला, वय वर्षे साडेसहा, स्वभाव कायदेपंडिताचा, मधली, वय चार, स्वभाव सत्यवक्तीचा, आणि शेंडेफळ, वय सव्वा वर्ष, स्वभाव अद्याप गुलदस्त्यात, परंतु आवाज पूर्णपणे प्रकट. शिवाय एक वळकटी, एक पत्र्याची पेटी, झोळीसाठी एक जुने लुगडे व दोरी, आणि फडक्यात बांधलेले बावीस धपाटे. शुभवर्तमानात एका मुलाच्या पाच भाकरी व दोन मासे पाच हजारांना पुरले आणि वर बारा टोपल्या उरल्या, असे सांगितले आहे. आमच्या तीन मुलांस बावीस धपाटे येलदरीपर्यंतदेखील पुरले नाहीत, यावरून त्या चमत्काराची थोरवी मला त्या दिवशी जितकी पटली तितकी कोणत्याही प्रवचनाने पटली नव्हती.

एस.टी.त दिवाळीची गर्दी अशी की, उभे राहण्यासही आधी वशिला लागावा. "कुठं निघालाव गुर्जी, लेकरंबाळं घिऊन?" कंडक्टरने विचारले, आणि मी जालना म्हणताच त्याने थोरल्याकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले. उपासनेस निघालेल्या मनुष्याने मुलाच्या वयाच्या बाबतीत महसुलाची चोरी करू नये, अशा सात्त्विक विचाराने मी त्याचे अर्धे तिकीट मागितले. सत्याचरणाचे फळ तत्काळ मिळते म्हणतात, ते असे मिळाले: तिकीट मुठीत येताच थोरल्याने आपणास बसण्याचा हक्क प्राप्त झाल्याचे जाहीर केले, आणि अर्ध्या तिकिटास अर्धी जागा, हा माझा युक्तिवाद फेटाळून, शेजारच्या फेटेवाल्या आजोबांस अत्यंत विनयाने "आजोबा, जरा सरका, माझं तिकीट आहे," असे बजावले. आजोबा सरकले, जिंतूर येईपर्यंत त्यांची अर्धी काया बाकाबाहेर तरंगत होती. या अवस्थेत त्यांनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यात सबंध शिक्षणखात्याविषयीचा अभिप्राय सामावलेला होता.

सेनगाव, येलदरीच्या धरणाची ती लांबलचक भिंत, जिंतूर, मंठा, अशी मजल दरमजल करीत, वाटेत वेचणीस आलेल्या कापसाची पांढरी शेते मधलीस 'हे सगळे कोणी सांडले?' या प्रश्नाचे उत्तर न देता दाखवीत, आम्ही तिसऱ्या प्रहरी जालन्यास पोचलो.

जालन्याविषयी 'जालना, सोने का पालना' अशी म्हण आहे. व्यापाऱ्यांनी ती सरकी, सोने आणि आडतीच्या जोरावर रूढ केली असावी. मला मात्र तिचा अर्थ पुढील तीन दिवसांत अगदी अक्षरशः उमगायचा होता. पण ख्रिस्ती मनुष्यास जालना आठवते ते रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या नावाने. इ.स. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले हे ब्राह्मण गृहस्थ पुढे निजामाच्या मुलुखात आले आणि सर सालारजंग यांच्या दिवाणगिरीत त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवून 'बेथेल' नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. इ.स. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत जाऊन ते बोलले. सातासमुद्रांपलीकडचा तो प्रवास खचितच बिकट असेल. परंतु भाषण देतेवेळी त्यांच्या खांद्यावर कोणी सव्वा वर्षाचे झोपलेले होते, असे काही ऐकिवात नाही, म्हणून त्यांच्या व माझ्या प्रवासाची तुलना मी करू इच्छीत नाही. मूळचा याकोब बेथेल येथे दगड उशाशी घेऊन निजला व त्यास स्वर्गाची शिडी दिसली. आम्हांस उतारूंच्या खोलीत सतरंजीवर जागा मिळाली. उशाशी पेटी, बरगडीत थोरल्याची टाच. शिडी दिसली नाही, पण चांदण्या बऱ्याच दिसल्या.

पहिल्या सकाळी आम्ही चौथ्या रांगेत, ऐन मधोमध, जणू मामलेदारांसाठी राखून ठेवावी अशा जागी बसलो. पेटी-तबल्यावर गायन सुरू झाले. नारायण वामन टिळकांच्या पदांनी मराठी ख्रिस्ती माणसाच्या उपासनेस जे मराठी वळण दिले, त्याची महती मी ओसरीवर दोघांच्या आवाजात गाऊन ओळखली आहे असे मला वाटत होते. तो भ्रम पहिल्याच ध्रुपदाला दूर झाला. अंगावर रोमांच उभे राहिले, डोळे भरून आले. शेंडेफळाचेही भरून आले, परंतु निराळ्या कारणाने, आणि ते कारण निस्तरण्यासाठी कुटुंबास उठावे लागले.

मग प्रवचन सुरू झाले. पुण्याहून आलेल्या वक्त्यांचा विषय 'परमेश्वरासमोरील मौन' हा होता. त्यांची वाणी संथ, गंभीर, आणि दोन वाक्यांमध्ये एक कारकून सहज चहा पिऊन येईल एवढे अंतर ठेवणारी होती. नेमका त्याच सुमारास मांडवामागच्या चुलाणावरून तुपात भाजल्या जाणाऱ्या रव्याचा सुगंध वाऱ्याबरोबर आत येऊ लागला. वक्त्यांनी डोळे मिटले, हात उंचावला आणि पृच्छा केली, "या क्षणी, बंधुभगिनींनो, तुमच्या अंतःकरणात कोणती एकच गोष्ट भरून राहिली आहे?" आणि अंतःकरणे चाचपून पाहण्यासाठी ते थांबले. त्या निःशब्द शांततेत, दोनशे माणसांच्या अंतःकरणांची वकिली आपल्याकडे आल्यासारखा, थोरला खणखणीत आवाजात उद्गारला, "शिरा!"

सत्यवक्त्या मधलीने लगेच पुस्ती जोडली: "आणि हे आजोबा कधी संपणार?"

छातीवर कागदी फूल लावलेला एक स्वयंसेवक आला. तो रागावला नाही. रागावला असता तर मला बरे वाटले असते. मांडवाच्या मागे 'लेकुरवाळ्यांसाठी' सोय केली असल्याचे त्याने कानाशी लागून सांगितले, आणि आम्ही पाच जणांनी, चौथ्या रांगेतून, पंचवीस-तीस गुडघ्यांची क्षमा मागत, आपली हद्दपारी अमलात आणली.

ती सोय म्हणजे कडुनिंबाचे एक झाड, त्याखाली एक जाजम, आणि झाडाच्या फांद्यांना बांधलेल्या, मी मोजल्या तेव्हा सात, झोळ्या. आमचे लुगडे आठवे. सोन्याचा नव्हे, पण पाळणा! तेथे आमच्याआधी शिक्षा झालेली बरीच मंडळी होती: परभणीचा एक कंपाउंडर, मनमाडकडचा एक रेल्वेचा सांधेवाला, जुळ्या मुली असलेली एक परिचारिका, आणि ज्यांचे स्वतःचे मूल कोणते हे तीन दिवसांत मला कळले नाही अशा एक सर्वसमावेशक मावशी. आत लाऊडस्पीकरचे तोंड श्रोत्यांकडे असल्यामुळे आमच्या वाट्यास त्याची पाठ येई, आणि पाठीकडून ऐकलेले प्रवचन म्हणजे भिंतीपलीकडील शेजाऱ्यांचे भांडण: सूर कळतो, मुद्दा कळत नाही.

आमच्या मुलुखात या प्रसंगाला एक दाखला आहे. नरसीचे नामदेव औंढ्याच्या नागनाथासमोर कीर्तन करीत असता त्यांना देवळामागे घालविण्यात आले, आणि तेथे त्यांनी कीर्तन मांडताच देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, अशी आख्यायिका आमच्याकडे पोराटोरांच्याही तोंडी असते. मी ती जाजमावरच्या मंडळीस सांगितली. सांधेवाला क्षणभर मांडवाकडे रोखून पाहत राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, याचे बांबू लई खोल पुरलेत."

दुपारपासून आम्ही पती-पत्नींनी पाळ्या बांधल्या. अर्धा तास मी आत, अर्धा तास ती. आणि रात्री मुले निजल्यावर कंदिलाच्या उजेडात दोघांची टिपणे एकत्र करून मूळ प्रवचनाची संहिता सिद्ध करावयाची, जसे पंडित जीर्ण पोथ्यांचे पाठभेद जुळवितात. काम वाटले तेवढे सुगम नव्हते. माझ्या टिपणात "म्हणूनच, दुसरे" होते, परंतु पहिले नव्हते. तिच्यात "शेवटचे" तीनदा होते. एके ठिकाणी माझा पाठ 'उंट' असा व तिचा 'ऊठ' असा पडला, आणि अर्थदृष्ट्या दोन्ही पाठ समर्थनीय असल्याने हा वाद आजही प्रलंबित आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहून आपल्या विद्वान पतीच्या विसराळूपणाची जी खुमासदार नोंद ठेवली, तशी लेखणी आमच्या घरात कोणी उचलू नये अशी प्रार्थना मी त्या रात्री मनोभावे केली. कारण दुसऱ्या दिवशी मी मधलीस हरवून बसलो.

ती कशी हरवली याचे जाबजबाब परस्परविरोधी आहेत. कुटुंबाचे म्हणणे, पाळी माझी होती. माझे म्हणणे, पाळी संपून दोन मिनिटे झाली होती. बाल येशू यरुशलेमेत मागे राहिला आणि मातापित्यांना हे एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळले, हा वृत्तान्त वाचताना मी योसेफास नेहमी मनातल्या मनात दोष देत आलो होतो. तो दोष मी त्या दिवशी बिनशर्त मागे घेतला. तो बालक मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसलेला सापडला. आमची कन्या भटारखान्यात आचाऱ्यांमध्ये बसलेली सापडली. तीही त्यांचे ऐकत होती व त्यांना प्रश्न विचारीत होती, आणि तिच्या प्रश्नांनी व उत्तरांनी सर्व थक्क झाले होते, कारण मिठाचे माप चुकले आहे हे तिनेच प्रथम सांगितले होते.

शेवटच्या रात्री कीर्तन होते. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा जुनी. टिळक स्वतः कीर्तने करीत. पदर खोचून, पाळी-बिळी गुंडाळून ठेवून, हे मात्र आम्ही दोघांनीही पाहायचेच असे ठरले होते. मुले जेवली. शेंडेफळ झोळीत गेले. बुवांनी चिपळ्या उचलल्या, नमन म्हटले, आणि पूर्वरंगाची पहिली ओळ लाऊडस्पीकरने उच्चारली न उच्चारली तोच वीज गेली.

मांडवात असा मिट्ट काळोख झाला की वक्ता कोण आणि श्रोता कोण, हा भेद उरला नाही. संयोजकांनी वाट पाहिली, एक पद अंधारात म्हटले, पुन्हा वाट पाहिली. सबंध आवारात जळणारी बत्ती एकच होती, आणि ती आमच्या कडुनिंबाखाली, कारण मागची भांडी घासण्यास आचाऱ्यांना उजेड लागे. तिला मांडवात नेण्याचा ठराव आला. आचाऱ्यांनी तो एकमताने फेटाळला. अखेर बुवा स्वतः उठले, चिपळ्या कमरेस खोवून, पेटीवाला व तबलजी यांच्यासह मांडवाच्या मधून चालत मागे आले, कनात वर करून झाडाखाली उभे राहिले, आणि सतरंज्यांवरची दोनशे माणसे बसल्या जागी, चार बोटेही न सरकता, फक्त फिरून आमच्याकडे तोंड करून बसली.

"गुरुजी," सांधेवाला कुजबुजला, "फिरलं की हो."

बुवांच्या पायांपाशी, पहिल्या रांगेत, मामलेदारासही मिळणार नाही अशा जागी मी बसलो होतो. शेजारी कुटुंब, मांडीवर डोके टेकून थोरला. कीर्तन रंगू लागले. आणि बत्तीच्या त्या भगभगीत उजेडाने, की चिपळ्यांच्या नादाने, ठीक बुवांच्या कानामागे टांगलेल्या झोळीतून आमच्या शेंडेफळाने जो टाहो फोडला, त्यापुढे लाऊडस्पीकरची काय मातब्बरी! कुटुंबाने माझ्याकडे पाहिले. पाळी माझीच होती. यात पाठभेद नव्हता.

त्यास खांद्यावर टाकून, या वेळी साठ-सत्तर गुडघ्यांची क्षमा मागत, मी दोनशे माणसांच्या गर्दीतून मांडवाच्या पलीकडच्या टोकास गेलो. तेथे रिकामे व्यासपीठ होते, त्यावर एक खुर्ची, एक आंधळा दिवा व एक मुका लाऊडस्पीकर. खुर्चीत बसलो. समोर सगळ्या संमेलनाच्या पाठी. दूर, त्या पाठींपलीकडे, उजेडाचा एक ठिपका, आणि त्यातून मधूनमधून चिपळ्यांचा आवाज. शेंडेफळ लगेच गप्प झाले. त्याला तेथले मौन फार आवडलेले दिसले.