काम्पुटरले झाल्या उवा

अवो काकू, घडीभर या ना कुंपनापाशी. कुरड्या काही उडून नाई जात, ऊन अजून चढाचं हाय. हो, काल रात्री बारा वाजेपर्यंत आमच्याकडे लाइट होता, तुमाले दिसला असंन. नाई वं माय, भांडन नव्हतं. ह्याईचा आवाज चढला होता थो आनंदानं. आमचा काम्पुटर बरा झाला. दीड महिना खाटेवर होता बिचारा.

पह्यलेपासून सांगतो, नाई तं तुमी म्हनसान का अर्धंच सांगतलं.

पोट्ट्याच्या बारावीसाठी थो सेकंडह्यांड डबा आनला, थे तुमी पाह्यलंच. पोट्टा त्याच्यावर एमएससीआयटीची प्रॅक्टिस करे, अन् हे सोयाबीनचा हिशोब लिहीत. पोरीच्या लग्नाचे फोटो मात्र फोटोवाल्यानं पेन ड्राइव्हमंदी देल्ले होते. एक दिवस जावई आले म्हनून मी थो पेन ड्राइव्ह लावला, तं दरेक फोल्डरच्या कोपऱ्यात एक बारकुसा बान. हयदीच्या फोल्डरले बान, वरातीच्या फोल्डरले बान. दाबलं तं फोटो उघडत होते, म्हनून मले वाटलं नवीन फ्याशन असंन. मंग काम्पुटर असा चालाले लागला जशी भरेल बंडी घाट चढून राह्यली. पंखा आतल्या आत घरघर करे. इंटरनेट उघडलं का पह्यले रम्मीची जाहिरात! सासूबाई बाजूलेच बसेल होत्या, त्याईले वाटलं मीच पत्ते खेयून राह्यली.

त्याईनं तं मीठ-मोहऱ्या ओवायल्या हो काम्पुटरवरून. हसू नका. मोहऱ्या बटनाईच्या फटीत गेल्या, दोन बटनं अजून अडकते.

मंग ह्याईनं एका दुरुस्तीवाल्याले बलावलं. नाव नाई घेत, गाव लहान हाय. पाचशे घेतले त्यानं. "फॉरमॅट मारून देतो, नवा होऊन जाईन," म्हने. झाला बी नवा. तिसऱ्या दिवशी बान हजर. पुन्हा बलावलं, पुन्हा पाचशे, पुन्हा हजर. तिसऱ्या खेपेले थो म्हने हार्ड डिस्कच बदला, नाई तं बऱ्हानपूरले न्या. हे म्हनत, परतवाड्याले नेऊ. आता परतवाडा म्हनजे हरिसाल, सेमाडोह, सारा घाट, अन् यष्टीत मांडीवर काम्पुटर! इथं मानसाले दवाखान्यात न्याले येळेवर गाडी भेटत नाई.

हरिसालवरून आठवलं. आपल्याच धारनी तालुक्यातलं गाव, २०१६ मंदी देशातलं पह्यलं डिजिटल गाव म्हनून सरकारनं जाहीर केलं, मायक्रोसॉफ्टवालेबी होते संगं. अन् २०१९ च्या निवडनुकीत राज ठाकरेनं भर सभेत त्याच गावाचा व्हिडिओ लावला, म्हने पाहा, काय डिजिटल झालं थे. दोघाईचंबी ऐकून घेतलं आपन. मले विचारसान तं डिजिटल गाव थे, जिथं डबा बिघडला तं त्याचं दुखनं समजनारा मानूस गावातच भेटते.

तं आमचं नशीब असं का माह्या बहिनीचा पोरगा अमरावतीहून सुटीत आला. त्यानं पह्यले काय केलं असंन? चहाबी नाई घेतला, इंटरनेटची वायर उपटली. म्हने, "मावशी, आत जो बसेल हाय थो बाहेर फोन लावत असंन, पह्यले त्याचा फोन तोडू." मंग त्यानं कुठलंसं बटन दाबून लपेल फायली उघड्या केल्या. काकू, थे पाहाले पायजे होतं तुमी! ज्या फोल्डराईवर बान होता, त्या एकेकाच्या मांगं अस्सल फोल्डर फिक्कट रंगाचं, पडद्याआडच्या नव्या नवरीवानी उभं. अन् त्याईच्यात एक भलतीच फाइल, नाव असं जसं मांजर बटनाईवरून चालत गेली.

भाचा म्हने, बान म्हनजे नकली कवाड. अस्सल फोल्डर लपवाचं, त्याच नावाचं कवाड बाहेर लावाचं. आपन त्याच्यावर टिचकी मारली का पह्यले थो आत घुसते अन् मंग आपल्याले आपलाच फोटो दाखवते, म्हनजे आपल्याले शंकाच येऊ नाई. आता सांगा, एवढी अक्कल चांगल्या कामाले लावली असती तं?

मंग मारायची रीत. मले वाटलं फाइल दिसली, केली डिलीट, झालं. मी केलीबी. पाच मोजाच्या आत पुन्हा तिथंच! भाचा हसला. म्हने, थो जिता हाय तोवर फाइल मारून काय फायदा, थो आपली फाइल पुन्हा लिहिते. त्यानं टास्क म्यानेजर का काय थे उघडलं, त्याच्यात डब्ल्यूस्क्रिप्ट नावाचं एक चालू होतं, त्याची पह्यले मान मोडली. मंग काम्पुटर चालू होतानी जे जे आपोआप उठते, त्या यादीतून त्याचं नाव खोडलं. अन् एवढ्यावरबी त्यानं एक गजर लावून ठेवेल होता, दर अर्ध्या घंट्यानं 'उठ' म्हनून. थो टास्क शेड्युलरमंदी सापडला. मी म्हनलं, बाप्पा, ह्या तं उवा अन् लिखा! ऊ दिसते, मारता येते. लीख केसाले चिपकून बसते, आठ दिवसानं फुटते, अन् माय म्हनते, परवाच तं फनी फिरवली होती!

सारं झाल्यावर त्यानं एक काया पडदा उघडला अन् टाइप केलं: ॲट्रिब, मायनस एच, मायनस आर, मायनस एस, असं काहीतरी. एंटर दाबलं अन् पोरीच्या लग्नाचे फोल्डर एकेक करून ठसठशीत झाले. वरात आली, हयद आली, तुमी पातळ नेसून जेवाले बसेल आल्या. माह्या डोयात पानी आलं हो, खोटं नाई सांगत.

पन खरी गोष्ट पुढंच हाय. विंडोजमंदीच एक जागल्या असते, डिफेंडर नावाचा, फुकट. भाचा म्हने, हा होता तरी चोर घुसला कसा? थो पाहाले गेला, तं काय! जागल्याले कोनीतरी लेखी देल्लं होतं का या या ठिकानी पाहाचं नाई. अन् थे ठिकान कोनतं, तं अख्खा सी ड्राइव्ह! म्हनजे वावरात जागल्या ठेवाचा अन् त्याले सांगाचं का धुऱ्याकडे पाहू नको, विहिरीकडे पाहू नको, कोठ्याकडे पाहू नको, तू फक्त खाटेवर बस.

कोनं सांगतलं असंन? त्याच दुरुस्तीवाल्यानं. फॉरमॅट मारला का थो फुकटची, चोरीची विंडोज टाके. थे चालू कराले एक कुलूपतोडं लागते, अन् जागल्या त्या कुलूपतोड्याले पकडते. म्हनून जागल्याचेच डोये बांधाचे. मले असा संताप आला! पन मंग ह्याईकडे पाह्यलं, तं हे खाली मान घालून. काहून, तं दुरुस्तीवाल्यानं विचारलं होतं, अस्सल विंडोज पायजे का, पैसे पडतीन. अन् हेच म्हनले होते, फुकटवालीच टाक. आता कोनाले बोलाचं? पाचशाच्या मानसाले का घरच्या मानसाले?

मंग भाच्यानं डोयाची पट्टी सोडली, कुलूपतोडं काढून फेकलं, अन् ह्याईनं अस्सल विंडोजचे पैसे भरले, दात खाऊन. मंग ऑफलाइन स्कॅन. म्हनजे काम्पुटर बंद होऊन पुन्हा उठते, पन विंडोज जागी व्हाच्या आंधीच जागल्या घराची झडती घेते. चोर निजेल, जागल्या जागा. पंधराक मिनिटं लागले. तेवढ्यात लाइट जाऊ नाई म्हनून सासूबाई गजानन महाराजाचं नाव घेत बसल्या. आपल्या धारनीची लाइट तं तुमाले मालूमच हाय.

अन् बँकेचा पासवर्ड त्यानं माह्या मोबाइलवरून बदलवला, काम्पुटरवरून नाई. अशा उवा म्हने दाबलेली बटनं टिपून घेते. पैसे गेले असते तं १९३० या सरकारी नंबरले फोन लावाचा होता, जितका लवकर तितकं बरं. नाई गेले. सोयाबीनचे सारे जागच्या जागी.

रात्री जेवतानी भाच्यानं अजून एक गंमत सांगतली. १९८६ मंदी पाकिस्तानात लाहोरच्या दोघा भावाईनं 'ब्रेन' नावाचा व्हायरस काढला, फ्लॉपीतून पसरनारा. अन् त्याच्यात स्वतःचं नाव, पत्ता अन् फोन नंबर लिहून ठेवला! चोरीच्या जागी कोनी व्हिजिटिंग कार्ड ठेवते का हो? अन् आपल्या इकडे रहिमतपूरचे काटकर भाऊ. मोठा कैलास पुन्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करे, लहान्या संजयनं व्हायरस मारनारा प्रोग्रॅम लिहिला, त्याचंच क्विक हील झालं. एका घरच्या दोघाईनं रोग काढला, दुसऱ्या घरच्या दोघाईनं औषध. ह्याईनं लगेच स्वतःच्या भावाचा विषय काढला, वाटनीचा, मंग मीच वांग्याची भाजी वाढली.

आपन लहान मानसं म्हनून आपल्यालेच होते असं नाई बरं. पुन्याची कॉसमॉस बँक, ऑगस्ट २०१८ मंदी ९४ कोटी गेले, असाच प्रोग्रॅम आत घुसवून, अन् पैसे काढले कुठून कुठून तं २८ देशाईतून. सरकारनंबी फेब्रुवारी २०१७ मंदी सायबर स्वच्छता केंद्र काढलं, तिथून सफाईचे प्रोग्रॅम फुकट भेटते. 'यूएसबी प्रतिरोध' म्हनून सी-डॅकचं एक हाय, पेन ड्राइव्हसाठीच. आपल्याले कोनी सांगतलंच नाई. आपल्यापर्यंत फक्त व्हॉट्सॲपवरच्या लग्नपत्रिका येते, अन् त्याईचंबी आता भ्याव वाटते, उघडली का फोनच जाते.

हो, आता कालच्या रात्रीचं. थेच तं सांगाले बलावलं.

तुमी परवा थो हिरवा पेन ड्राइव्ह देल्ला होता ना, लाल गोंडा लावेल, तुकडोजी महाराजाची भजनं भरून दे म्हनून? अकरा वाजता मी थो लावला. अन् लावल्या बरोबर जागल्या बोंबलला! लाल चिठ्ठी, 'धोका सापडला'. हे नाचाले लागले, पकडला म्हने, पकडला! मी पाह्यलं, तं तुमच्या हरिपाठाले बान, काकड्याले बान, गजानन महाराजाच्या आरतीले बान.

नाई नाई, असं तोंड नका करू. तुमचा काय कसूर? तुमी थो भजनाच्या डब्ब्याले लावता, त्या डब्ब्याले उवा होत नाई, म्हनून तुमाले कधी कयलंच नाई. पन दिवायीपासून दर महिन्याले थो आमच्याकडे येऊन राह्यला. अन् आम्ही फोटोवाल्याले शिव्या देऊन राह्यलो! त्याच्या आंधी थो कुठं होता? झेरॉक्सच्या दुकानात? अन् भजनी मंडयातल्या किती बायाईनं त्याच्यातून आपल्या पेन ड्राइव्हमंदी भजनं घेतली? साऱ्याईनं? बाप्पा.

तं असं करा, गुरुवारी आरती झाली का साऱ्याईचे पेन ड्राइव्ह एका ताटात घेऊन या. भाचा शनिवारपर्यंत हाय. एकाच दिवशी साऱ्याईची फनी फिरवू, नाई तं आज तुमची काढली, उद्या तिची तुमाले.

हा घ्या तुमचा, धुऊन देल्ला. भजनं सारी जागेवर हायेत, मोजून पाहा, गोंडाबी तोच. अन् पेन ड्राइव्हचं मंडयात साऱ्याईले सांगा. मोहऱ्याचं तेवढं नका सांगू, सासूबाई आतून ऐकून राह्यल्या.