आरोपीची बाजू

निलंबित लायसन्सवर गाडी चालवताना सापडलेल्या माणसाची बाजू कोणी घेत नाही, म्हणून ती आज आपण घेऊ. त्याचा मूळ गुन्हा एकच, त्याने एकेकाळी लायसन्स काढले. आरटीओत फॉर्म भरला, लर्निंगची परीक्षा दिली, पाय न टेकता आठाचा आकडा काढला आणि सरकारदरबारी स्वतःचे नाव लावून घेतले. त्याचा शेजारी या फंदात पडलाच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोघांची किंमत सारखीच होती, ५०० रुपयांपर्यंत दंड. २०१९ च्या दुरुस्तीने समानता मोडली. आता लायसन्सच नसलेल्या शेजाऱ्याला कलम १८१ खाली ५,००० आणि लायसन्स मिळवून गमावलेल्या आरोपीला कलम १८२ खाली १०,००० रुपये. तुरुंगवास दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत. म्हणजे परीक्षेला बसून पुढे नापास ठरण्यापेक्षा परीक्षेलाच न बसणे निम्म्या भावात पडते, आणि हा भाव आम्ही नव्हे, संसदेने ठरवला आहे.

सरकारी वकील म्हणतील, आरोपीने आदेश मोडला आणि तो धोकादायक असल्याचे आधीच ठरले होते. आदेश मोडला, हे मान्य. धोक्याचे मात्र तपासावे लागेल. कलम १९४-डी नुसार हेल्मेट न घालणाराही तीन महिने अपात्र ठरतो, आणि त्याचा धोका मुख्यतः त्याच्याच टाळक्याला असतो. हे कलम पुण्यात अक्षरशः राबवले तर निम्मे शहर पीएमपीच्या थांब्यावर उभे राहील (पीएमपीला हे झेपणार नाही, म्हणून कायदा दयाळू आहे). उलट शेजाऱ्याला ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हे कळते की नाही, याची नोंद कुठल्याच कार्यालयात नाही. तो धोकादायक ठरलेला नाही, कारण त्याला कोणी तपासलेलेच नाही.

उरतो तो सगळ्यांचा लाडका बचाव, ‘नोटीस मिळालीच नाही’. तो अगदीच पोकळ नाही. पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन पाठवू शकतात, पण कलम १९ प्रमाणे अपात्र ठरवायचे ते परवाना अधिकाऱ्याने, तेही बाजू मांडण्याची संधी देऊन. यावर सरकारकडे १८९७ चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट तयार असतो. नीट पत्ता घालून रजिस्टर पोस्टाने पाठवलेले पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचलेच असे धरायचे. तेव्हा घर बदलल्यावर आरटीओत पत्ता बदलून घेणारा सज्जन आपल्याविरुद्धचा पुरावा स्वखर्चाने पुरवत असतो. शेजाऱ्याला ही चिंता नाही. ज्याच्याकडे लायसन्सच नाही, त्याचे निलंबित काय करणार? सुनावणी संपल्यावर आरोपीला त्याच्याच गाडीतून घरी सोडायला तोच मोकळा असतो. फक्त आरोपीने किल्ली त्याच्या हातात देण्याआधी कलम १८० वाचावे. लायसन्स नसलेल्याला गाडी चालवू देणाऱ्या मालकाला आणखी ५,००० रुपये दंड आहे.