मुंबई–गोवा, व्हाया दाढ

हरतालिकेच्या दिवशी पहाटे डोंबिवलीहून संगमेश्वराकडे निघालेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये चौदा माणसं, एक थर्माकोलविरहित मखर, दुर्वांच्या जुड्या आणि मामाची खालची उजवी दाढ असा ऐवज होता. वडखळला मामाने बर्फ घातलेलं कोकम सरबत एका घोटात संपवलं आणि पुढच्या प्रवासाची सूत्रं दाढेने हातात घेतली.

पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पट्ट्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तिथले खड्डे माणसाला आपल्याला किती दात आहेत ते एकेक करून मोजून दाखवतात. मामा प्रत्येक खड्ड्याला देवाचं नाव घेत होता; सुरुवात गणपतीने झाली आणि नागोठण्यापर्यंत कुलदैवतंही संपली.

गाडीत उपचारांना तोटा नव्हता. आजीने मिश्री काढली. काकाने अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशेजारी दाबून धरायला सांगितली. बी.डी.एस.च्या तिसऱ्या वर्षाला असलेली भाची ओरडली, "मामा, गोळी गिळायची असते, चिकटवायची नाही! हिरडी भाजेल." मग मामाने सीट मागे पाडून अंग टाकलं, तर ठणका दुप्पट. आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि आधीच सुजलेल्या दाढेच्या गाभ्याला आत फुगायला जागाच नसते, म्हणून दाढदुखी रात्री जास्त छळते, हे भाचीने समजावलं. पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कोण होतं! त्यातल्या त्यात आत्याची लवंग तिने मान्य केली. लवंगेतलं युजेनॉल घटकाभर बधिरता आणतं आणि तात्पुरत्या फिलिंगमध्ये दंतवैद्यही ते वापरतात. दाढेचं दुखणं मात्र त्याने जात नाही, फक्त थोडा वेळ गप्प बसतं.

माणगावच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली आणि मंडळी पाय मोकळे करायला उतरली. अकरा वर्षांचा बंड्या पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावरून उडी मारायला गेला आणि तोंडावर आपटला. वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर!

बंड्या रडलासुद्धा नाही, नुसता बघत राहिला. त्यामुळे निम्म्या गाडीला काही घडलंय हेच कळलं नाही. सगळे मामाभोवती होते. काकाने दात उचलून धोतराच्या सोग्याने खसाखसा पुसायला घेतला, तेव्हा भाचीने त्याच्या हातावर अक्षरशः झडप घातली. दात पांढऱ्या बाजूने धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही. दाताला हाडाशी जोडणाऱ्या तंतूंच्या जिवंत पेशी मुळावर असतात. त्या सुकल्या की दात पुन्हा धरण्याची आशा मिनिटागणिक कमी होते. अर्ध्या तासाच्या आत बसवला तर उत्तम, तासाभराने कठीण.

"दूध! गार, बिनसाखरेचं!"

टपरीवर होता तो उकळता चहा. गाडीत गार दूध होतं, पण आजीच्या पिशवीत, पंचामृतासाठी राखलेलं. "सोवळ्यातलं दूध दाताला?" आजीचा आवाज चढला. "पडला तर पडला. उंदराच्या बिळात टाका, नवा येईल."

"आजी, तो दुधाचा होता तोवर ठीक. हा पक्का आहे. दुधाचा असता तर परत बसवलाही नसता."

शेवटी उंदराच्याच मालकाच्या नैवेद्यातलं दूध वाटीत आलं. भाचीने त्यात दात हलकेच बुडवून काढला, बाजूचा दात बघून दिशा जुळवली आणि खोबणीत दाबला. बंड्याने स्वच्छ रुमाल चावून धरला. तिचे हात थरथरत होते, पण तोंडावर तिसरं वर्ष मुळीच दिसत नव्हतं.

माणगावात एक दंतवैद्य हजर होते. मामा सवयीने सर्वांत पुढे घुसला. डॉक्टरांनी त्याला हाताने बाजूला केलं, बंड्याला खुर्चीत बसवून दाताला शेजारच्या दातांशी पातळ तारेने बांधलं, दोन आठवडे तार ठेवा म्हणून बजावलं, धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी केली. आणि मग त्यांची नजर दारातल्या मावशीवर गेली.

मावशी डोंबिवलीपासून गालावर पदर धरून मागच्या सीटवर बसली होती. काही खाल्लं नव्हतं, पाणीही नाही. सगळ्यांनी ते हरतालिकेच्या खाती जमा केलं होतं. डॉक्टरांनी पदर दूर केला. जबड्याखाली घट्ट सूज, अंगात ताप, तोंड दोन बोटंही उघडेना, थुंकी गिळवेना. दाढेतला पू जिभेखाली आणि गळ्याकडे उतरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. तिथे लवंगही नाही आणि शेकही नाही. दवाखान्यात तपासत न बसता त्यांनी मावशीला भाचीबरोबर थेट रुग्णालयात धाडलं. संध्याकाळी फोन आला, पू काढलाय, सलाईनमधून प्रतिजैविकं चालू आहेत, आणि मावशी विचारतेय की उपास मोडला का.

मामाचा नंबर तिसरा लागला. दाढेचा गाभा उघडून कापूस भरला गेला, अर्धा ओठ बधिर झाला आणि तेवढ्यात गावाहून थोरल्या भावाचा फोन.

"कुठवर आलात?"

"आणगाव," मामा म्हणाला.

"आणगाव? हे कुठल्या रस्त्याने निघालात रे तुम्ही?"