काकांची भेट

घरगुती समारंभाचे निमंत्रण आले असता पाकिटात एकशे एक रुपये घालून ज्यांना मोकळे होता येत नाही, बाजारातील चकचकीत वस्तू आयती विकत घेणे हा ज्यांना आपल्या दहाही बोटांचा अपमान वाटतो, आणि दुकानात दोनशे रुपयांस मिळणारी वस्तू सहाशे रुपये व तीन महिने खर्ची घालून घरी तयार केल्यावाचून ज्यांच्या जिवाला स्वास्थ्य लाभत नाही, अशा गृहस्थांचा एक वर्ग मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पसरलेल्या आमच्या उपनगरांत नांदत आहे. शिरगणतीच्या कोष्टकात या वर्गाला निराळा रकाना नसला, तरी दर दोन-तीन सोसायट्यांमागे त्याचा एखादा प्रतिनिधी हटकून सापडतो, आणि त्याची ओळख पटविणेही अवघड नसते. त्याच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो, तर्जनीच्या टोकाला चटक्याचा जुना व्रण असतो, आणि कोणाच्याही घरी पाऊल टाकले की यजमानाच्या मुखाकडे पाहण्यापूर्वी त्याची दृष्टी भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे जाते.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत या वर्गाचे मुखत्यारपत्र ज्यांच्याकडे आहे, त्यांना लहानथोर सारेच 'सर्किटकाका' म्हणतात. त्यांचे पाळण्यातले नाव आता वीजबिलावर तेवढे उरले आहे. एका सरकारी कचेरीच्या हिशेबखात्यात चौतीस वर्षे इमानेइतबारे काढून, एका पैचीही तफावत न ठेवता ते निवृत्त झाले, आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी गॅलरीत, धुणे वाळत घालण्याच्या दोऱ्यांखाली, त्यांनी एक टेबल मांडून नवी कचेरी थाटली. त्या टेबलावर श्रीखंडाचे रिकामे डबे ओळीने उभे असून त्यांवर दप्तरी वळणाच्या अक्षरांत 'आवक', 'तपासणीस' आणि 'निकाली' अशा चिठ्ठ्या डकविलेल्या आहेत. पहिल्यात नवे ट्रान्झिस्टर, दुसऱ्यात संशयित आणि तिसऱ्यात दिवंगत. सायंकाळी काकांच्या गॅलरीतून राळेचा धूर निघू लागला, की खालच्या मजल्यावरच्या आजी देव्हाऱ्यातला धूप समजून मनोभावे हात जोडतात. काकू मात्र हात जोडतात त्या निराळ्या भावनेने. "डाख कुठे बसला ते ह्यांनाच ठाऊक, डाग तेवढा माझ्या टेबलक्लॉथवर बसला," हे त्यांचे वाक्य आमच्या इमारतीत सुभाषितासारखे रूढ झाले आहे.

प्रारंभीची काही वर्षे गणपतीच्या मखरामागे फिरणारे चक्र आणि पळती दिव्यांची माळ एवढ्यावर काकांची प्रतिभा संतुष्ट होती. परंतु गणपती वर्षाकाठी एकदाच येतो आणि विसर्जनानंतर यंत्राविषयी अभिप्राय कळवीत नाही, ही उणीव त्यांना जाणवू लागली. अशा वेळी बोरिवलीच्या भाचीचे लग्न ठरले, आणि काकांनी घरात जाहीर केले की, यंदा साडी नाही, भांडे नाही, पाकीट नाही, मामाकडून संगीत-प्रकाशमंजूषा! योजना कागदावर तरी निर्दोष होती. मखमलीने मढविलेली लाकडी पेटी असावी. तिचे झाकण उचलताच आत शिरलेल्या उजेडाने एलडीआर नावाचा चिमुकला द्वारपाल जागा व्हावा, कारण उजेड पडला की त्याचा विद्युत्-विरोध ओसरतो. त्याच्या इशाऱ्यासरशी दहा दिवे एकामागून एक धावू लागावेत, मंगल सुरावट वाजू लागावी, आणि या वैभवाच्या मधोमध काकूंनी निवडलेली चांदीची करंड्याची जोडी विराजमान असावी. काकूंचा करंडा हे निमित्त आणि पेटी हा ऐवज, हे सांगणे नलगे.

सामग्रीच्या खरेदीसाठी काका लॅमिंग्टन रोडला गेले. या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव देऊन कैक वर्षे लोटली. परंतु १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनला अजून कोणी स्मरत असेल, तर ते काकांसारखे ट्रान्झिस्टरचे याचकच. मुलुंडहून दादर, दादरला पूल ओलांडून ग्रँट रोड, ही त्यांची वारी ठरलेली. इतर वारकऱ्यांप्रमाणे त्यांचाही देव ठरलेला नसता तरच नवल: एका जिन्याखालची चार फुटी वखार, जिथे खोक्याखोक्यांतून कोट्यवधी पाय असलेली प्रजा नांदते. तिथे काकांनी यूएम-६६ मागितली. ही दिसायला साध्या तीन पायांच्या ट्रान्झिस्टरसारखी, परंतु पोटात चौसष्ट स्वरांची सुरावट साठविलेली संगीत-आयसी मूळची तैवानची. चौसष्ट कलांचे माहेर आपला देश, आणि चौसष्ट स्वर मात्र तैवानहून आणावे लागतात, याबद्दल काकांनी दुकानदारापाशी खेद व्यक्त केला. दुकानदाराने सुटे पैसे मागितले.

आता संकट असे की, आयसीतील सुरावट कारखान्यातच कायमची कोरलेली असते. तीत मंगलाष्टक घालावे म्हटले तर घालता येत नाही. बेथोव्हेनने १८१० साली एलिझ नामक कोणा स्त्रीसाठी रचलेली सुरावट उपलब्ध होती. परंतु घाटकोपरपासून दहिसरपर्यंत दारावरच्या घंटांतून ती इतकी वाजून गेली आहे की, पेटी उघडताच वधूकडचे कोणी तरी दार उघडायला धावले असते. शिवाय खुद्द तैवानात तीच सुरावट वाजवीत कचऱ्याच्या गाड्या गल्लोगल्ली फिरतात, हे काकांच्या वाचनात आले होते, आणि असा योग भाचीच्या संसारारंभी त्यांना नको होता. अखेर ०९ क्रमांकाची, मेंडेल्सनने १८४२ साली रचलेली विवाहसमयीची सुरावट पसंत पडली. दुकानदाराने एकाच खोक्यातून चार आयसी काढून पुडीत बांधल्या. त्यांच्या इवल्याशा पाठीवरील क्रमांक भिंगाखेरीज वाचता येत नाही, आणि भिंग काकांनी घरी ठेवले होते, ही बाब वाचकांनी ध्यानात असू द्यावी.

पुढील दोन महिन्यांचा वृत्तान्त संक्षेपाने सांगतो. पहिली यूएम-६६ पूर्वतयारीतच कामास आली. तिचा आहार जेमतेम तीन व्होल्टचा, आणि काकांनी उत्साहाच्या भरात तिला नऊ व्होल्टचा नैवेद्य दाखविला. दुसरी डाख देताना अतिउष्णतेने गेली. तिसरीपुढे मात्र झेनर डायोडचा पहारा बसवून काकांनी व्होल्टेज आवरले, आणि ती निर्विघ्न गाऊ लागली. दिव्यांना ताल देण्यासाठी ५५५ ही आठ पायांची टायमर-आयसी होती. मूळच्या स्वित्झर्लंडच्या हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली आखलेली आणि अर्धशतक उलटले तरी बाजारातून न हटलेली ही वस्तू काकांच्या लेखी घड्याळे बनविणाऱ्या त्या देशाच्या रक्तातले वळण सिद्ध करणारा सज्जड पुरावा होती. तिच्या ठोक्यांवर दहा दिवे क्रमाने पेटविणारी ४०१७ मात्र विक्षिप्त. तिचा पहिला दिवा तिसऱ्या पायावर, दुसरा दुसऱ्यावर, तिसरा चौथ्यावर आणि चौथा एकदम सातव्यावर! दादरला मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांचे फलाट निरनिराळे एकपासून मोजले जात, तेव्हा परगावच्या पाहुण्यांची जी गत होई तीच काकांच्या दिव्यांची झाली. रेल्वेने २०२३ च्या डिसेंबरात मध्य मार्गाचे फलाट आठपासून मोजून तो घोळ निस्तरला. ४०१७ बाबत मात्र दाद मागायची कोणाकडे? काकांनी दहाही तारा तीन वेळा उपसल्या आणि चौथ्या वेळी दिवे शिस्तीने धावले. त्या रात्री साडेअकरा वाजता सोसायटीतील सर्व सभासदांना जिन्यात बोलावून प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. पोळ्यांचे पीठ हातावर तसेच वाळलेल्या एका वहिनी टाळ्या वाजविण्यासही विसरल्या नाहीत.

या दोन महिन्यांत काकांनी काकूंची स्तुती एकदाच केली, आणि तिची मी साक्ष देऊ शकतो. एका लग्नाला निघताना काकू पिवळी साडी नेसून आल्या. तिला जांभळे काठ होते, तपकिरी पदर होता आणि पदराला सोनेरी जर. काकांनी चष्मा सावरला, क्षणभर निरखले आणि गहिवरून म्हणाले, "चारशे सत्तर ओहम!" रोधकावरील रंगांच्या पट्ट्यांवरून मूल्य वाचण्याची जी सांकेतिक लिपी आहे, तीत पिवळा म्हणजे चार, जांभळा सात, तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य, आणि सोनेरी म्हणजे पाच टक्के इकडे-तिकडे सांभाळून घेणे. काकू रुसल्या, परंतु नंतर मला एकांतात कळले ते असे की, नऊ व्होल्टच्या सेलवर लुकलुकणाऱ्या त्या नाजूक दिव्याला जळून जाण्यापासून वाचविणारा जो रोधक, तो नेमका चारशे सत्तरचा. याहून मोठा किताब काकांच्या दरबारात नाही.

विवाहाच्या दिवशी पेटी घेऊन काका निघाले, तेव्हा सोबत मीही होतो. पूर्वी बोरिवलीला जावयाचे म्हणजे दादरचा वळसा घ्यावा लागे. परंतु २०१४ च्या जूनमध्ये घाटकोपर आणि वर्सोवा यांना जोडणारी सुमारे साडेअकरा किलोमीटरची मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरला उतरून अंधेरी आणि तेथून बोरिवली असा सोयीचा मार्ग झाला आहे. सोयीचा, म्हणजे ज्याच्या पिशवीत तारा, सेल आणि लुकलुकते दिवे नाहीत अशासाठी. घाटकोपरच्या तपासणीयंत्रातून पिशवी सरकली आणि पडद्यावर तिचे अंतरंग पाहून पहाऱ्यावरील जवान सावरून उभा राहिला. "इसमें क्या है?" असे त्याने अत्यंत अदबीने विचारले. या प्रश्नास 'गिफ्ट है' हे दोन शब्दांचे उत्तर पुरेसे होते. परंतु जन्मभर हिशेबात चोख राहिलेल्या माणसास अपुरी कैफियत देणे कसे रुचावे? काका अभिमानाने उत्तरले, "टायमर है!"

त्यानंतरची वीस मिनिटे मी काकांपासून चार पावले दूर, एका खांबावरील सूचनाफलक वाचण्यात घालविली. जवानाने आपले कर्तव्य चोख बजावले याबद्दल तक्रार करण्यास जागा नाही. अखेरीस एका वरिष्ठ अधिकाऱ्यासमक्ष झाकण उघडण्याचा हुकूम झाला, झाकण उघडले, दहा दिवे धावू लागले, मेंडेल्सन गाऊ लागला, आणि भोवती जमलेल्या प्रवाशांत एकदम हशा पिकला. अधिकाऱ्याने मामला बरखास्त केला. परंतु काका हलेनात. अधिकाऱ्याला ते ४०१७ चे पाय समजावून देत होते.

अंधेरीहून पुढच्या गाडीत मात्र गर्दीच्या रेट्यापुढे झेनरचा पहारा निरुपयोगी ठरला, आणि तिसऱ्या यूएम-६६ चा एक पाय मोडला. बोरिवलीच्या कार्यालयात, गुरुजींची पडशी आणि नारळांची पोती ज्या खोलीत होती तेथे बसून, काकांनी पुडीतील चौथी आयसी खिशातून काढली आणि डाखाविना, नुसत्या तारा पिळून, दीड मिनिटात बसविली. परीक्षा घेण्यास अवधी नव्हता. स्वागतसमारंभात भाचीने मोठ्या कौतुकाने झाकण उचलले. दिवे धावले. आणि साऱ्या सभागृहात, साखरपुड्यापासून बारशापर्यंत सर्वांस पाठ असलेली वाढदिवसाची इंग्रजी सुरावट दुमदुमली. क्रमांक ०८! वधूच्या सासऱ्यांनी भेटवस्तूकडे पाहिले, मग वराकडे पाहिले, आणि कोणाचा वाढदिवस आहे याची हळूच चौकशी केली. पुढे वर्षभराने भाचीला कन्यारत्न झाले, तेव्हा मामांची दूरदृष्टी सर्वत्र वाखाणली गेली हा भाग निराळा.

या पेटीनंतर काकांनी निरनिराळ्या निमित्तांनी आणखी पुष्कळ पेट्या घडविल्या, आणि त्या ठाण्यापासून विरारपर्यंत विखुरल्या आहेत. त्यांपैकी एकही सलग वर्षभर चाललेली मी ऐकलेली नाही. चौतीस वर्षे एका पैची तफावत न ठेवणाऱ्या माणसाच्या हातून इतक्या नियमाने तारा सुट्या पडाव्यात, हे मला पुष्कळ दिवस कोडे वाटत होते. एकदा काकूंनीच ते सहज उलगडले. फोन खणखणला, काकांनी तो घेतला आणि टेस्टर खिशात अडकवून लगबगीने बाहेर पडले. काकू म्हणाल्या, "बोरिवलीची पेटी बंद पडली. आता जेवूनच येतील, पोरीला अंगाखांद्यावर खेळवून. निवृत्त माणसाची चौकशी करायला कोणाला सवड असते हो? पण पेटी बंद पडली, की सगळ्यांना मामा आठवतो."

माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मिळालेली पेटी गेल्या पावसाळ्यात मुकी झाली. मला यंत्रातले काडीचे कळत नाही. तथापि झाकणाखाली डोकावताच हिरवट बुरशी धरलेला सेल माझ्याही नजरेस पडला. खालच्या वाण्याकडे तसलाच सेल मिळतो, तोही क्षणार्धात. मी झाकण जागच्या जागी लावले, पेटी काखोटीला मारली आणि दोन मजले चढून काकांची घंटा वाजविली. काकांनी पेटी टेबलावर घेतली, मीटरच्या दोन सळ्या सेलाला टेकविल्या, काट्याकडे पाहिले, आणि गंभीर मुद्रेने पेटीवर 'तपासणीस' अशी चिठ्ठी डकविली. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, सेल बदलून द्या की त्यांना!"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे पाहू लागलो.

"छे, छे," काका म्हणाले, "दोष खोलवर दिसतो. वेळ लागेल. तुम्ही बसा."

आत चहाचे आधण चढल्याचा आवाज झाला, आणि मी खुर्ची पुढे ओढली.