हंगामी माणसाची किंमत

8 फेब्रुवारी 2026 ला सिअ‍ॅटल सीहॉक्सनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना हरवून सुपर बोल जिंकला. जिंकणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक होता सॅम डार्नल्ड. सिअ‍ॅटल हा त्याचा पाचवा संघ. पहिल्याने त्याला तीन वर्षांत दुसऱ्याच्या गळ्यात घातलं, दुसऱ्याने दोन वर्षांत सोडून दिलं, तिसऱ्याने राखीव बाकावर बसवलं. चौथ्याला त्याने एका हंगामात 14 सामने जिंकून दिले, तरी हा आपला कायमचा माणूस नाही असं ठरवून त्यांनी त्याला जाऊ दिलं. या चारही संघांच्या व्यवस्थापकांनी तो अंतिम सामना पुन्हा पुन्हा पाहावा.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की मेस्सी. हा खेळ वेगळा, अमेरिकन फुटबॉल. लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यावर जाड कवच, आणि जवळपास प्रत्येक चाल ज्याच्या हातातून सुरू होते तो क्वार्टरबॅक. चेंडू हातात आल्यावर त्याला जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात अंगावर धावून येणारे सव्वाशे किलोचे गडी चुकवायचे आणि लांब पळणाऱ्या साथीदाराच्या हातात चेंडू नेमका पोचवायचा. हे काम वर्षानुवर्षं नीट करणारी माणसं कोणत्याही काळी पंधरा-वीसच असतात, आणि संघ आहेत 32. सगळी धावपळ या तुटीतून सुरू होते.

तिथे पगाराला मर्यादा आहे. 1994 पासून प्रत्येक संघाने खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा हे एनएफएल ही लीग ठरवून देते. पहिल्या वर्षी हा आकडा 3 कोटी 46 लाख डॉलर होता, 2025 मध्ये 27 कोटी 92 लाख. आयपीएलमुळे ही कल्पना आपल्याला परकी राहिलेली नाही. तिथेही संघाच्या थैलीला तोंड बांधलेलं असतं, 2025 च्या हंगामासाठी ते 120 कोटी रुपयांवर बांधलं होतं. मी या मर्यादेच्या बाजूने आहे, ठामपणे. ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव. त्याच्या संघाला धनाढ्य मालक नाही, भागधारक आहेत, त्यातले कित्येक साधे प्रेक्षक. असा संघ न्यूयॉर्क आणि डॅलसच्या पैशासमोर उभा राहतो आणि 2011 मध्ये सुपर बोल जिंकतो, यात पगारमर्यादेचा मोठा वाटा आहे.

पण मर्यादा फक्त पगाराला आहे. मालकांच्या उतावळेपणाला नाही.

डेन्व्हर ब्रॉन्कोसचं उदाहरण घ्या. 2022 मध्ये वॉलमार्टच्या वारसांनी हा संघ 465 कोटी डॉलरला विकत घेतला. त्याच वर्षी क्वार्टरबॅक रसेल विल्सनला पाच वर्षांसाठी साडेचोवीस कोटींचा करार दिला, तोही त्याने डेन्व्हरसाठी एकही अधिकृत सामना खेळण्याआधी. दोन हंगामांनी, मार्च 2024 मध्ये, त्याला काढून टाकलं. करार करताना दिलेला बोनस हिशेबात पाच वर्षांपर्यंत पसरता येतो, म्हणून खेळाडू गेला तरी त्याचा उरलेला आकडा मर्यादेला चिकटून राहतो. तिकडे त्याला डेड मनी म्हणतात. विल्सनचा हा आकडा होता साडेआठ कोटी, लीगच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा. तो स्वतः मग पिट्सबर्गला 12 लाख 10 हजार डॉलरच्या किमान पगारावर खेळला, कारण बाकीचे पैसे डेन्व्हरच भरत होतं.

क्लीव्हलंड ब्राऊन्सनी तर कहर केला. 2022 पर्यंत क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनवर वीसहून अधिक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे दाखल केले होते. त्याने आरोप नाकारले होते, पण दावे चालूच होते. अशा वेळी ब्राऊन्सनी त्याच्यासाठी ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या, पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या आणि 23 कोटी डॉलरचा, पूर्ण हमीचा करार केला. लीगने त्याला 11 सामने बाहेर बसवलं. पुढच्या वर्षी खांद्याच्या दुखापतीने तो बाहेर गेला, तेव्हा संघ कोणी सावरला? 38 वर्षांच्या जो फ्लॅकोने. नोव्हेंबर 2023 पर्यंत तो घरी होता, कोणत्याच संघाने त्याला बोलावलं नव्हतं. ब्राऊन्सनी बोलावलं, त्याने पाचपैकी चार सामने जिंकले आणि संघाला प्लेऑफमध्ये नेलं. हंगाम संपल्यावर ब्राऊन्सनी त्याला पुन्हा करार दिला नाही. ही कृतघ्नता आहे, तिला दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

आता ड्राफ्ट. दर एप्रिलला कॉलेजातून येणाऱ्या पोरांची निवड होते. मागच्या हंगामात जो तळाशी, त्याची पाळी आधी. बोली लागत नाही, आणि आपण कोणत्या शहरात राबायचं हे ठरवायचा हक्क पोराला नाही. 1936 पासून हे चालत आलं आहे. त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला जे बर्वँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. नव्वद वर्षांनंतर मोजमापं वाढली, यंत्रं आली, इंडियानापोलिसला दरवर्षी पोरांची धाव, उडी, हाताच्या पंजाची लांबीसुद्धा मोजतात. अंदाज मात्र चुकतातच. सॅन फ्रान्सिस्कोने 2021 मध्ये पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजून ट्रे लान्सला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि दोन वर्षांनी चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकलं. त्याच संघाने 2022 मध्ये अगदी शेवटच्या, 262 व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डीला उचललं होतं. तो त्यांना फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलपर्यंत घेऊन गेला.

पोराची निवड चुकली तरी समजू शकतो. निवड बरोबर असताना घाई करून पोर वाया घालवणं समजू शकत नाही.

या घाईचं मूळ लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2011 च्या करारात आहे. त्याआधी ड्राफ्टमधल्या पहिल्या पोराला अवाच्या सवा पैसे मिळत. 2010 मध्ये सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे 7 कोटी 80 लाख मिळाले, त्यातले 5 कोटी हमीचे. 2011 मध्ये नव्या वेतनश्रेणीनुसार कॅम न्यूटनला चार वर्षांचे 2 कोटी 20 लाख. वाचलेला पैसा जुन्या, अनुभवी खेळाडूंपर्यंत जाईल असं वाटलं होतं. झालं असं की संघांना एक घड्याळ मिळालं. क्वार्टरबॅक पोर असेपर्यंत स्वस्त, आणि चांगला निघाला तर चार-पाच वर्षांनी एकदम महाग. पर्डी सुरुवातीला वर्षाला दहा लाखांच्या आत खेळत होता, 2025 च्या करारात तो वर्षाला 5 कोटी 30 लाखांवर गेला. डॅलसचा डॅक प्रेस्कॉट वर्षाला 6 कोटी घेतो. म्हणून पोर स्वस्त आहे तोवर त्याच्याकडून सगळं उरकून घ्यायचं, पहिल्याच दिवसापासून त्याला मैदानात ढकलायचं, असा हिशेब रूढ झाला. पाडाला न लागलेला आंबा उतरवून बाजारात नेण्याचा हा प्रकार.

डार्नल्ड त्याच हिशेबाचा बळी होता. 2018 मध्ये जेट्स या त्याच्या पहिल्या संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि 21 व्या वर्षी हंगामाच्या पहिल्या सामन्यात उतरवलं. 1970 नंतर सलामीच्या सामन्यात सुरुवात करणारा तो सर्वांत लहान क्वार्टरबॅक. त्याचा पहिलाच पास विरोधकांनी पकडला आणि थेट टचडाऊन केला. त्याच्यात काही नाही असं जेट्सनी तीन वर्षांत ठरवलं. त्याच्यात काय आहे ते सिअ‍ॅटलने दाखवलं. कॅरोलायनाने 2023 मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या ब्राइस यंगला दुसऱ्या वर्षी दोन सामन्यांत बाकावर बसवलं. काही आठवडे तो अनुभवी अँडी डाल्टनच्या मागे उभा राहिला, परत आला आणि सुधारला. ही सवड त्याला आधीच द्यायला काय हरकत होती?

सवड दिली की काय होतं ते कॅन्सस सिटीने दाखवलं आहे, आणि तिथे मला थोडं थांबायचं आहे. 2017 मध्ये तिथल्या चीफ्स संघाकडे अ‍ॅलेक्स स्मिथ होता. 2005 मध्ये ड्राफ्टमधला पहिला निवडलेला, टीका सोसत सोसत पक्का झालेला. संघ प्लेऑफमध्ये जात होता, तरी व्यवस्थापनाने पुढे सरकून दहाव्या क्रमांकावर पॅट्रिक महोम्सला घेतलं. आपली जागा या पोराला जाणार हे स्मिथला पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्याने दार लावून घेतलं नाही. तयारी कशी करायची, विरोधकांची मांडणी कशी वाचायची, आठवडा कसा आखायचा, हे त्याने पोराला आपल्या शेजारी बसवून शिकू दिलं, आणि त्याच हंगामात स्वतः लीगमधलं सर्वोत्तम पासर रेटिंग मिळवलं. महोम्सला पूर्ण वर्षात फक्त शेवटचा सामना मिळाला. पुढच्या वर्षी त्याने 50 टचडाऊन पास टाकले आणि तो लीगचा एमव्हीपी झाला. त्या वर्षी आपण स्मिथकडून काय शिकलो हे महोम्सने जाहीरपणे अनेकदा सांगितलं आहे.

स्मिथला वॉशिंग्टनला पाठवलं गेलं. नोव्हेंबर 2018 मध्ये त्याच्या पायाची दोन्ही हाडं मोडली, जखमेत जंतुसंसर्ग झाला, पाय कापावा लागेल की काय अशी वेळ आली. 17 शस्त्रक्रिया झाल्या. ऑक्टोबर 2020 मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला आणि त्या हंगामात त्याने सुरू केलेल्या सहापैकी पाच सामने वॉशिंग्टनने जिंकले. कॅन्सस सिटीच्या विजेतेपदांच्या यादीत त्याचं नाव नाही. माझ्या लेखी ते आहे.

स्मिथएवढंही नशीब प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. हार्वर्डमध्ये शिकलेला, 2005 मध्ये सातव्या फेरीत घेतलेला रायन फिट्झपॅट्रिक नऊ संघांसाठी सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून खेळला. दुसऱ्या कोणाच्याही नावावर हे नाही. 2020 मध्ये मायामीने तीन जिंकले, तीन हरले असताना त्याला उठवून टुआ टागोवायलोआला उतरवलं, त्याच वर्षी पाचव्या क्रमांकावर घेतलेल्या पोराला. फिट्झपॅट्रिकला ते लागलं, त्याने ते लपवलंही नाही, आणि तरी टुआच्या मदतीला तो उभा राहिला. 2022 मध्ये तो निवृत्त झाला, प्लेऑफचा एकही सामना न खेळता.

डिसेंबर 2025 मध्ये इंडियानापोलिसचा डॅनियल जोन्स जखमी झाला, तेव्हा फिलिप रिव्हर्सला बोलावणं गेलं. वय 44, आजोबा झालेला, जवळजवळ पाच वर्षं खेळापासून दूर, अलाबामात शाळेच्या पोरांना शिकवणारा. हॉल ऑफ फेमसाठी निवृत्तीनंतरची पाच वर्षांची वाट पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार हे माहीत असून तो आला. पहिलाच सामना सिअ‍ॅटलशी, त्यांच्याच मैदानावर, समोर डार्नल्ड. फक्त दोन गुणांनी हरला. पुढचेही दोन हरला. त्याला कोणीही हसू नये.

माझं म्हणणं एवढंच आहे की तात्पुरता म्हणून आणलेला क्वार्टरबॅक हा संघाचा सर्वांत शहाणा खर्च असतो आणि मर्यादेच्या हिशेबात त्यालाच आधी कात्री लागते. अटलांटाने मार्च 2024 मध्ये कर्क कझिन्सला चार वर्षांचे 18 कोटी कबूल केले आणि सहा आठवड्यांत, त्याला विश्वासात न घेता, मायकेल पेनिक्सला आठव्या क्रमांकावर घेतलं. पोर मागे तयार करणं योग्यच होतं. वडीलधाऱ्याला अंधारात ठेवणं अयोग्य होतं.

नियम बदलता येतात. जानेवारी 2023 च्या उपांत्य सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोचे दोन्ही क्वार्टरबॅक जखमी झाले, आणि त्याच वर्षी लीगने आणीबाणीच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकची तरतूद केली. किमान पगारावर घेतलेल्या अनुभवी खेळाडूचा पूर्ण पगार मर्यादेत न मोजण्याची सवलत आजही आहे. ती वाढवा. ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक घेणाऱ्या संघाने दहा वर्षांचा अनुभव असलेला क्वार्टरबॅक ठेवला, तर त्याच्या पगाराचा अर्धा भाग मर्यादेबाहेर काढा. आणि पोराला बाकावर बसवलेलं पहिलं वर्ष त्याच्या कराराच्या चार वर्षांत धरू नका. त्याला पगार द्या, पण घड्याळ दुसऱ्या वर्षी सुरू करा, आणि पोर मुक्त होण्याचं वय पुढे जाऊ नये म्हणून त्याला पाचव्या वर्षीही ठेवून घेण्याचा संघाचा हक्क रद्द करा. खेळाडूंची संघटना पहिल्यांदा नाही म्हणेल. तिने बसून हिशेब मांडावा. पहिल्याच वर्षी मोडून पडलेल्या पोराला दुसरा मोठा करार क्वचितच मिळतो.

लीग आणि संघटना यांच्यातला सध्याचा करार 2030 च्या हंगामापर्यंत आहे. हे बदल त्याआधी करायला त्यांना कोणी अडवलेलं नाही. त्यांनी ते करावेत.