लपलेले उत्तर

शब्दकोड्यांची सरकारनेही एकदा धास्ती घेतली होती. बक्षिसाच्या कोड्यांचा इतका सुळसुळाट झाला, की १९५५ साली कायदाच आला: महिन्याचे बक्षीस हजार रुपयांच्या वर नाही, प्रवेशिका दोन हजारांहून जास्त नाहीत.

ठाकुर्लीच्या कोडेबहाद्दरांना मात्र कायदा शिवू शकत नाही, कारण इथे बक्षीसच नाही. जलद गाड्या थांबत नसल्याने धीम्या लोकलमध्ये वेळ हवा तेवढा. आडवे-उभे शब्द ठाण्यापर्यंत उरकतात. मग खरे काम: आडव्या उत्तरांची पहिली अक्षरे जोडायची आणि त्यातला गुप्त संदेश शोधायचा. जोडाक्षर एका घरात की दोन, या वादात घाटकोपर येते. पेन्सिलवाला खोडतो, पेनवाला गिरवतो आणि पेपर ज्याचा, तो निमूट खिडकीबाहेर बघतो.

संदेश जुळला नाही, तर कोडे रचणारा अडाणी. जुळला, तर सगळ्यांनाच तो दिव्यापासून ठाऊक होता.

‘अहो, रोजच्या कोड्यात असलं काही लपवलेलं नसतं,’ असे एकदा एक गृहस्थ बोलून गेले. हल्ली ते पुढच्या डब्यात बसतात.